खोडलेल्या अक्षराचा प्रवास : टर्मिनलमधील एका कळीचा इतिहास

१

पोथी लिहिताना लेखनिकाकडून एखादे अक्षर चुकले, तर त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देण्याची रीत आपल्याकडे होती. लेप वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिहिले जाई. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्या रीतीची आठवण आजही जपून आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट चांगली परिचयाची असते. लेपाखालचे अक्षर नाहीसे झालेले नसते; ते वाचायचे नाही, एवढाच संकेत लेखनिक आणि वाचक यांच्यात ठरलेला असतो. खोडण्याची कृती हाताची असली, तरी तिचा अर्थ या संकेतातून येतो.

संगणकावर लिहिताना आपल्याला या संकेताचा विसर पडतो. कळ दाबली की अक्षर जाते. त्यात कोणाशी काही ठरवण्याचा प्रश्नच कुठे येतो, असे वाटते. परंतु संगणकाचा एक कोपरा असा आहे की जेथे हा जुना प्रश्न अजूनही डोके वर काढतो. तो कोपरा म्हणजे टर्मिनल. साध्या पार्श्वभूमीची एक खिडकी, तिच्यात चित्रे नाहीत, माऊसला फारसे काम नाही. वापरकर्त्याने आज्ञा टंकायची, एंटर दाबायचे आणि यंत्राने खालच्या ओळीत उत्तर छापायचे. आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. लिनक्स आणि मॅक या प्रणालींत ही खिडकी सहज उपलब्ध असते, आणि शब्दसूची तयार करणाऱ्या किंवा मोठ्या ग्रंथसंहितांवर संगणकाने काम करणाऱ्या भाषाभ्यासकांचीही आता तिच्याशी गाठ पडू लागली आहे.

या खिडकीत नवखा माणूस काही विचित्र अनुभव घेतो. चुकलेले अक्षर खोडण्यासाठी तो बॅकस्पेस दाबतो. अक्षर जाण्याऐवजी त्याच्यापुढे '^एच' किंवा '^?' अशी चिन्हे उमटतात. डिलीट दाबावे, तर '^[[३~' अशी अगम्य अक्षरमाला दिसते, किंवा नुसतीच एक नागमोडी रेघ. सवयीने कंट्रोल-एस दाबले जाते आणि पडदा गोठल्यासारखा होतो. लोक याला बिघाड म्हणतात आणि कळफलक बदलून पाहतात. वस्तुतः कळफलक ठीक असतो, यंत्रही ठीक असते. येथे घडलेला असतो तो पाठभेद. एका परंपरेने लिहिलेले चिन्ह दुसऱ्या परंपरेतला वाचक वाचू पाहतो आणि अडखळतो. हे पाठभेद कोठून आले याचा शोध म्हणजे लेखनयंत्रांच्या दीड शतकाचा इतिहास आहे.

२

या इतिहासाचा आरंभ तारायंत्रात आहे. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ साली पाच घटकांच्या संकेतप्रणालीचे पेटंट घेतले. प्रत्येक घटक 'आहे' किंवा 'नाही' एवढ्या दोनच अवस्थांत असू शकतो. अशा पाच घटकांतून बत्तीस मांडण्या होतात आणि प्रत्येक मांडणीला एक अक्षर नेमून देता येते. मूळचा न्यूझीलंडचा असलेल्या डोनाल्ड मरे याने १९०१ च्या सुमारास या कल्पनेला टंकयंत्रासारखा कळफलक आणि कागदी फीत यांची जोड दिली. ऑपरेटरने अक्षर टंकले की फितीवर त्या अक्षराची छिद्रे पडत, आणि मग ती फीत यंत्रातून फिरवून संदेश तारेवर सोडला जाई.

फितीवर चूक झाली तर काय करायचे? पाडलेले छिद्र बुजवता येत नाही. पण जेथे छिद्र नाही तेथे ते पाडता मात्र येते. म्हणून युक्ती अशी निघाली की फीत एक घर मागे सरकवायची आणि चुकलेल्या अक्षराच्या जागी सगळीच्या सगळी छिद्रे पाडून टाकायची. मूळ अक्षर कोणतेही असो, त्याचे रूपांतर 'सर्व छिद्रे' या एकाच मांडणीत होते, आणि ही मांडणी दिसली की तिच्याकडे दुर्लक्ष करायचे हे वाचणाऱ्या यंत्राला ठाऊक असते. हरताळाचेच हे उलटे रूप म्हणता येईल. तेथे अक्षर लेपाने झाकले जाई, येथे ते छिद्रांनी खाऊन टाकले जाते. दोन्हीकडे जागा मात्र शिल्लक राहते, आणि 'ही जागा वगळून वाच' हा संकेतही.

अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात सात घटक होते, म्हणजे शून्यापासून १२७ पर्यंत एकूण १२८ जागा. यातील शेवटची, १२७ वी जागा 'डिलीट' या चिन्हाला मिळाली. ती शेवटी का, याचे उत्तर फितीत आहे. १२७ म्हणजे सातही घटक 'आहे' या अवस्थेत, म्हणजेच सर्व छिद्रे. आज फीत कोणी पाहिलेलीही नसते. पण खोडण्याच्या चिन्हाचा क्रमांक अजूनही त्या छिद्रांचा आकार सांगतो.

३

याच आस्कीच्या १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आठव्या क्रमांकावर 'बॅकस्पेस' हे दुसरे चिन्ह आहे. त्याचे कुळ वेगळे. ते टंकयंत्रातून आले आहे, आणि टंकयंत्रावरील बॅकस्पेस काहीही खोडत नाही. ती कागदाची गाडी एक घर मागे आणते, एवढेच. त्याच जागी दुसरे अक्षर छापले तर दोन्ही एकावर एक उमटतात. या गुणाचा उपयोगही केला जाई. अक्षर छापून मागे यावे आणि खाली रेघ मारावी, म्हणजे अधोरेखन होते. अक्षर छापून मागे यावे आणि तेच पुन्हा छापावे, म्हणजे ते ठळक होते. युनिक्स प्रणालीत माहितीपुस्तिकेची पाने ठळक अक्षरांत दाखवण्यासाठी हीच रीत वापरली गेली, आणि तिचे अवशेष त्या पानांच्या व्यवस्थेत आजही सापडतात.

अशा रीतीने एकाच कोष्टकात दोन चिन्हे आली. एकाचा अर्थ 'मागे सर', दुसऱ्याचा अर्थ 'हे रद्द समज'. आपण ज्याला 'खोडणे' म्हणतो त्यात या दोन्ही क्रिया एकत्र असतात. मागे सरायचे आणि तेथले अक्षर रद्द करायचे. पण त्या एकत्र क्रियेसाठी कोष्टकात स्वतंत्र चिन्ह नव्हते. पुढे पडदा आला आणि खोडण्यासाठी एक कळ हवीशी झाली, तेव्हा तिने या दोहोंपैकी कोणते चिन्ह पाठवावे हे ज्याचे त्याने ठरवले.

पडद्यावर दिसणाऱ्या चिन्हांचा उलगडाही येथेच होतो. कंट्रोल ही कळ अक्षराच्या क्रमांकातील ६४ या किमतीचा घटक काढून टाकते. इंग्रजी 'एच'चा क्रमांक ७२. त्यातून ६४ गेले की ८ उरतात, म्हणजे बॅकस्पेस. म्हणून बॅकस्पेसचे लेखन '^एच' असे होते. प्रश्नचिन्हाचा क्रमांक ६३. त्यात हाच घटक नसतो, तो घातला की १२७ होतात. म्हणून डिलीटचे लेखन '^?' असे. ही चिन्हे उमटतात तेव्हा यंत्र आपल्याला इतकेच सांगत असते की 'तुमचे चिन्ह पोचले, पण माझ्या परंपरेत याचा अर्थ खोडणे असा होत नाही.'

४

१९६३ च्या सुमारास बाजारात आलेले टेलिटाइप कंपनीचे 'मॉडेल ३३' हे यंत्र पुढे अनेक संगणकांचे तोंड आणि कान बनले. सेकंदाला दहा अक्षरे, तीही केवळ इंग्रजी मोठ्या लिपीत, कागदाच्या गुंडाळीवर खडखडाट करीत छापणारे हे यंत्र. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला तो काळ अशाच यंत्रांचा होता.

कागदावर छापलेले अक्षर परत घेता येत नाही. म्हणून युनिक्सने आधीच्या मल्टिक्स या प्रणालीतील रीत उचलली. '#' हे चिन्ह टंकले की त्याच्या मागचे एक अक्षर रद्द आणि '@' टंकले की संपूर्ण ओळ रद्द. मराठीत उदाहरण द्यायचे तर 'कमर#ळ' असे टंकले की यंत्र त्याचे वाचन 'कमळ' असे करी. कागदावर मात्र चूक, तिचा निषेध आणि दुरुस्ती ही तिन्ही एका ओळीत उघडी राहत. लेखकाच्या कच्च्या खर्ड्यात खोडलेला शब्द जसा रेघेखाली दिसतो, तसेच हे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीच्या प्रणालींत पद्धत थोडी निराळी होती. तेथे खोडलेले अक्षर तिरप्या रेघेनंतर पुन्हा छापले जाई, म्हणजे काय खोडले गेले याची नोंदच कागदावर होई. संहितेखाली पाठभेदांच्या टीपा देणाऱ्या संपादकाला ही पद्धत आवडली असती. आजच्या लिनक्समध्येही ही सोय नावानिशी शिल्लक आहे. खोडलेली अक्षरे दोन तिरप्या रेघांमध्ये उलट क्रमाने छापण्याची सूचना टर्मिनलला आजही देता येते.

रे टॉमलिन्सन याने १९७१ साली ई-मेलच्या पत्त्यासाठी '@' हे चिन्ह निवडले, तेव्हा तेच चिन्ह मल्टिक्समध्ये ओळ पुसण्याचे होते. तेथील माणसाने पत्ता टंकताना '@' दाबले की तोवर टंकलेली ओळच रद्द होई. एकाच चिन्हावर दोन परंपरांनी दावा सांगितला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण.

५

सत्तरच्या दशकात कागदाची जागा पडद्याने घेतली, आणि अक्षर खरोखर दिसेनासे करता येऊ लागले. आता खोडण्याची कळ कोणते चिन्ह पाठवणार?

लिअर सीग्लर कंपनीचे १९७६ चे 'एडीएम-३ए' हे टर्मिनल स्वस्त असल्याने विद्यापीठांत पसरले. त्यावर बाणांची स्वतंत्र बटणे नव्हती. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते आणि कंट्रोलसह ती दाबली की खूण त्या त्या दिशेने सरके. कंट्रोल-एच म्हणजे डावीकडे, म्हणजेच बॅकस्पेस. बर्कली येथे बिल जॉय याने 'व्हीआय' हा संपादक याच यंत्रावर घडवला. त्यात खूण हलवण्यासाठी आजही हीच चार अक्षरे वापरतात. यंत्र गेले, चार अक्षरे राहिली. या मंडळींसाठी खोडणे म्हणजे आठ हे स्वाभाविकच होते.

दुसरीकडे डेक कंपनीच्या प्रणालींत खोडण्यासाठी १२७ हाच क्रमांक रूढ होता. तिच्या १९७८ च्या गाजलेल्या 'व्हीटी-१००' टर्मिनलवर बॅकस्पेस आणि डिलीट अशा दोन्ही कळी होत्या, आणि त्या अनुक्रमे आठ आणि १२७ पाठवीत. त्यानंतरच्या १९८३ च्या 'व्हीटी-२२०'च्या कळफलकावर सहा बटणांचा एक वेगळा गट आला. त्यातील 'रिमूव्ह' हे बटण एस्केप, चौकटी कंस, तीन आणि नागमोडी रेघ अशी चार चिन्हांची मालिका पाठवी. आपल्या कळफलकावरील डिलीट दाबल्यावर कधी कधी जी '^[[३~' अक्षरमाला उमटते ती हीच. आपले बटण डिलीट म्हणवून घेते. टर्मिनलला मात्र ते व्हीटी-२२० चे रिमूव्ह म्हणूनच ओळख देते.

आणखी एक गुंता होता. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत १२७ हे चिन्ह चालू प्रोग्राम थांबवण्यासाठी राखून ठेवले होते. म्हणजे डेकच्या सवयीचा माणूस अक्षर खोडायला जाई आणि त्याचे चालू कामच बंद पडे. उलट ईमॅक्स या संपादकात कंट्रोल-एच म्हणजे 'मदत'. ज्याची कळ आठ पाठवते तो अक्षर खोडायला जाई आणि त्याच्यापुढे मदतीची खिडकी उघडे.

या सर्व शाखा १९९० नंतर एकाच घरात आल्या. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने आपल्या पडद्यासाठी डेकची परंपरा स्वीकारली. तेथे बॅकस्पेस १२७ पाठवते. परंतु त्याच संगणकावर चालणारे 'एक्सटर्म' हे खिडकीतील टर्मिनल परंपरेने आठ पाठवीत असे. एकच माणूस, एकच कळ. खिडकी बदलली की अर्थ बदलला. अखेरीस डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या धोरणग्रंथात यासाठी स्वतंत्र कलम घातले. डावीकडचे अक्षर खोडणाऱ्या कळीने १२७ पाठवावे, डिलीटने व्हीटी-२२० ची मालिका पाठवावी आणि कंट्रोल-एच ईमॅक्सच्या मदतीसाठी मोकळे ठेवावे, असा तो करार. तो तर्काने सिद्ध झालेला नाही. नांदण्यासाठी ठरवलेला आहे. भाषेचे नियमही बहुधा असेच ठरतात.

६

यंत्रांची विविधता वाढली तेव्हा त्यांचा कोश करण्याची गरज निर्माण झाली. बिल जॉय याने १९७८ साली 'टर्मकॅप' रचला. कोणते टर्मिनल कोणत्या कळीसाठी काय पाठवते आणि पडदा पुसण्यासाठी त्याला काय सांगावे लागते, याची ती नोंदवही. पुढे मार्क हॉर्टन याने तिच्या जागी 'टर्मइन्फो' आणला. 'टर्म' या नावाच्या एका चलात आपले टर्मिनल कोणते ते लिहिलेले असते, आणि प्रोग्राम त्या नावाची नोंद कोशात उघडतो. नाव चुकीचे असेल तर वाचक भलताच कोश उघडून बसतो, आणि शुद्ध मजकूरही त्याला निरर्थक वाटतो.

एस्केप या चिन्हाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. बाणाचे बटण दाबले की एस्केप, कंस आणि एक अक्षर अशी मालिका जाते. पण एस्केप ही स्वतंत्र कळही आहे. मग एस्केप आले की ते एकटे आहे की मालिकेचा आरंभ, हे प्रोग्रामने कसे ओळखावे? चिन्हांत याचे उत्तर नाही; म्हणून ते विरामात शोधले गेले. प्रोग्राम क्षणभर थांबतो. त्या अवधीत पुढचे चिन्ह आले तर मालिका, न आले तर एकटे एस्केप. हा विराम काही ठिकाणी अर्धा सेकंद, तर काही ठिकाणी पूर्ण सेकंदाचा असतो. म्हणूनच एस्केप दाबल्यावर काही संपादक रेंगाळतात, आणि संथ जोडणीवर बाणाची मालिका मध्येच तुटून तिची शेवटची अक्षरे पडद्यावर सांडतात. छंदात यतीला जसे अर्थाचे वजन असते, तसे येथे शांततेला आहे.

कंट्रोल-एसने पडदा गोठतो यामागेही टेलिटाइपच आहे. त्यावरील फीत वाचणारे यंत्र थांबवण्याचा संकेत कंट्रोल-एस आणि पुन्हा सुरू करण्याचा कंट्रोल-क्यू. फीत गेली, तरी 'थांब' ही आज्ञा पाळली जाते. गोठलेला पडदा कंट्रोल-क्यूने पूर्ववत होतो, इतकी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने किती जणांनी खिडकीच बंद करून आपले काम गमावले असेल!

७

हा इतिहास समजला की दुरुस्तीची रीतही समजते, आणि ती पाठचिकित्सेहून फारशी वेगळी नाही. चांगला संपादक आधी पाठ बदलत नाही. प्रतीत काय आहे ते पाहतो, वाचकपरंपरा काय म्हणते ते तपासतो, कोश उघडतो आणि मगच बदल सुचवतो.

पहिली पायरी म्हणजे कळ प्रत्यक्षात काय पाठवते ते पाहणे. शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबली की पुढचे चिन्ह अर्थ न लावता जसेच्या तसे उमटते. दुसरी पायरी, वाचणाऱ्याची अपेक्षा पाहणे. 'एसटीटीवाय -ए' ही आज्ञा दिली की टर्मिनलची यंत्रणा कोणत्या चिन्हाला 'इरेज' मानते ते कळते. तिसरी पायरी कोशाची. 'टर्म' या चलात कोणते नाव आहे आणि 'इन्फोसीएमपी' ही आज्ञा त्या नावाखाली काय दाखवते ते पाहणे.

मग भेद कोठे आहे ते उघड होते आणि उपायही त्याच जागी करता येतो. कळ १२७ पाठवते आणि यंत्रणा आठाची वाट पाहते, असे असेल तर 'एसटीटीवाय इरेज' या आज्ञेपुढे '^?' लिहावे. डिलीट दाबल्यावर केवळ नागमोडी रेघ उमटत असेल, तर शेलच्या ओळ-संपादकाला ती मालिका परिचित नाही. बॅश हा शेल 'रीडलाइन' नावाचा ओळ-संपादक वापरतो. त्याच्या 'इनपुटआरसी' या फायलीत त्या मालिकेपुढे 'डिलीट-कॅर' असे नेमून द्यावे लागते. झेडशेलचा ओळ-संपादक स्वतःचा आहे. तो ही फाइल वाचत नाही, म्हणून तेथे 'बाइंडकी' ही आज्ञा लागते. पाठवणाराच चुकीचा असेल, तर त्याच्याकडेच बदल करावा. 'पुटी' या प्रोग्राममध्ये बॅकस्पेसने आठ पाठवावे की १२७, हे निवडण्याची सोयच दिलेली आहे. कंट्रोल-एसचा त्रास नको असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही आज्ञा पुरते. आणि एखादा प्रोग्राम मध्येच कोसळल्याने एंटर दाबले तरी '^एम' उमटू लागले, तर न दिसणाऱ्या अक्षरांत का होईना, 'एसटीटीवाय सेन' लिहून कंट्रोल-जे दाबावे. यंत्रणा पुन्हा ताळ्यावर येते.

येथे एक पथ्य आहे. भेद कोठे आहे हे न पाहता कोणीतरी सुचवलेली ओळ आरंभीच्या फायलीत चिकटवली, तर एका खिडकीतील दोष जातो आणि दुसरीत नवा उगवतो. मूळ प्रत न पाहता केलेल्या पाठशुद्धीने काय होते, हे मराठीच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको.

८

येथवरची सर्व कथा एका गृहीतावर उभी होती. एक कळ, एक चिन्ह, एक अक्षर. इंग्रजीत ते बहुतांशी खपून जाते. देवनागरी या खिडकीत आली तेव्हा ते गृहीतच उघडे पडले.

१९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खानावळीत 'यूटीएफ-८' या संकेतलेखनाची रचना केली. तिच्यामुळे जगातील सर्व लिप्या आस्कीच्या जुन्या वाटेने जाऊ शकल्या. यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आता टर्मिनलच्या यंत्रणेला हे ठाऊक नसेल तर काय होते पाहा. 'क' टंकला आणि खोडला, की पडद्यावरून तो पुसला जातो. पण यंत्रणेने तीनांपैकी शेवटचा एकच बाइट काढलेला असतो. उरलेले दोन तुकडे ओळीत तसेच असतात आणि एंटर दाबल्यावर आज्ञेबरोबर निघून जातात. हरताळाखाली अक्षर निदान पूर्ण तरी असे. येथे त्याचे भग्नावशेष राहतात, तेही न दिसणारे. यावरचा उपाय म्हणून लिनक्समध्ये २००४ साली 'आययूटीएफ-८' ही खूण आली. दूरच्या संगणकाशी 'एसएसएच'ने जोडले असता ती खूण पलीकडे कशी कळवावी, याचे प्रमाणपत्रक प्रसिद्ध व्हायला २०१७ उजाडले.

परंतु ही खूण चिन्हांच्या सीमा ओळखते, अक्षराच्या नव्हे. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या लेखी ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट. एकदा खोडल्यावर काय जावे? चौथे चिन्ह, अर्धे जोडाक्षर, की सगळे? युनिकोडच्या नियमांत 'वापरकर्त्याला एक वाटणारा एकक' कोणता याची व्याख्या आहे. २००८ मध्ये तिने वेलांटीला तिच्या व्यंजनाशी जोडले. तरीही 'क्षि'चे 'क्' आणि 'षि' असे दोन भाग होतच राहिले. जोडाक्षर हे एकच एकक आहे, हे देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांच्या बाबतीत या मूळ नियमात आले ते २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. आस्कीच्या पहिल्या प्रसिद्धीला तेव्हा साठ वर्षे झाली होती.

याचा अर्थ असा नव्हे की एका कळीत संपूर्ण जोडाक्षर पुसले गेले म्हणजे मराठीला न्याय मिळाला. मराठी लिहिणाऱ्याला पुष्कळदा अक्षर खोडायचे नसतेच. ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ करायची असते. अशा वेळी केवळ वेलांटी जाणे हेच सोयीचे. खूण पुढे-मागे हलवताना मात्र 'क्षि'च्या पोटात थांबण्यात अर्थ नसतो. म्हणजे लिहिण्याचे एकक एक, वाचण्याचे दुसरे आणि खोडण्याचे कदाचित तिसरे. आपल्या व्याकरणाने वर्ण आणि अक्षर यांत फार पूर्वी भेद केला. टर्मिनलला तो आता कोठे भेटतो आहे.

बॅकस्पेसच्या या इतिहासात निसर्गनियम एकही नाही. १२७ हा फितीचा निर्णय, आठ हा टंकयंत्राचा, '^[[३~' हा एका कंपनीच्या कळफलकाचा, आणि त्यांच्यातील तह डेबियनच्या एका कलमाचा. हे निर्णय ज्यांनी घेतले ते त्या त्या वेळी त्या खोलीत होते, इतकेच. देवनागरीच्या एककाचा निर्णयही असाच कोठेतरी लिहिला जातो, आणि युनिकोडकडे त्याविषयी कोणालाही लेखी म्हणणे मांडता येते. अक्षर म्हणजे काय, हे वर्गात फळ्यावर शिकवणाऱ्यांनी तेथेही बोलावयास हवे. कारण त्या कोष्टकात आज जे नोंदले जाईल त्यालाच उद्याची यंत्रे अक्षर म्हणणार आहेत.